व्हेनिसची घरमालकीण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही, आणि ह्यांना तर मी भाजीवालीशी झालेलं भांडणसुद्धा शब्दन् शब्द सांगते. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? बरीच वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आले. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचा संसार मोडला नाही. मग इतकी वर्षं कुणाला सांगवलं का नाही? बसा जरा. मला ते एकदम सांगता येणार नाही. मी आपली आडवळणानंच येईन.

सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला मी नाशकात घरपोच वाचनालय चालवायचे. चालवायचे म्हणजे मीच चालायचे — खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कादंबऱ्या आणि मासिकं, पायात रबरी चपला. पंचवटीतून निघायचं, पूल ओलांडून रविवार कारंजा, तिथून थेट कॉलेज रोडच्या नव्या बंगल्यांपर्यंत. पुस्तक बदलून द्यायचं आणि जाता जाता विचारायचं, "कसं वाटलं?" ह्या प्रश्नासाठी बायका किती खोळंबलेल्या असायच्या म्हणून सांगू! घरात त्यांना कोण विचारणार होतं? रहस्यकथांना तर नंबर लागायचे. एक खोड मात्र सगळ्यांना — खुनी कळला रे कळला की पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचं, "खून मॅनेजरने केला." पुढचा वाचक गेला खड्ड्यात! शेवटच्या कोऱ्या पानावर मग अभिप्राय. फक्कड. भिकार. पुढचा भाग आहे का? दर रविवारी मी खोडरबर घेऊन पुस्तकं साफ करत बसायचे.

आमच्या वरच्या मजल्यावर कमल राहायची. माझी मैत्रीण — सख्खी म्हणावी अशी. शाळेत भूगोल शिकवायची. माझ्याकडची पुस्तकं मी पहिल्यांदा तिलाच द्यायचे, फुकट. एक दिवस ती खाली आली, पदराआडून एक पुस्तक काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. रहस्यकथा. व्हेनिस शहरात घडणारी. कालव्यात प्रेत तरंगतंय असं मुखपृष्ठ, खाली कुण्या पुरुषाचं नाव.

"मी लिहिलंय," ती म्हणाली.

मला आधी हसूच आलं. कमल त्र्यंबकच्या पलीकडे गेली नव्हती, आणि ही म्हणे इटलीत खून पाडून आली! शाळेतला नकाशा, कुणाच्या तरी घरची जुनी कॅलेंडरं, एवढ्यावर सगळं उभं केलेलं. नाव खोटं का, तर मुख्याध्यापिका आणि सासूबाई, दोघींची धास्ती. तिचा नवरा, प्रकाशक आणि मी सोडून कुणाला पत्ता नव्हता.

"तू एवढंच कर सुमन," ती म्हणाली. "पुस्तक फिरव, आणि लोक काय म्हणतात ते मला जसंच्या तसं येऊन सांग. माझी भीड ठेवू नकोस हं. दुसरं लिहायचं की नाही, ते मी त्यावरच ठरवणार."

मी हो म्हणाले. पण खरं सांगू? तेव्हाच कुठेतरी खुपलं होतं. लिहीत असताना मला एका शब्दानं सांगितलं नाही? मला — जी हिला वाचायला देते?

मग मी ते वाचायला घेतलं. दुसऱ्याच प्रकरणात ती आली. सिन्योरा रोझा, घरमालकीण. पिशवीचा बंद दातात धरून फाटकाची कडी काढते. "निघते हं" म्हणून चौकटीला पाठ टेकते ती अर्धा तास हलत नाही. ह्या घरची बातमी त्या घरी पोचवते आणि वर शपथ घालते, "माझं नाव नका सांगू बाई!" कॉफी बशीत ओतून पिते. इटलीत — बशीत!

माझे कान तापले. ती मी होते. अगदी मीच, नुसता झगा घातलेली. कमल वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसून चहा प्यायली, ती काय हे टिपून घ्यायला?

पुस्तक फिरवलं मात्र. नाही फिरवलं तर कमलला काय सांगणार होते? पहिल्या दिवशी पंचवटीत आठवले काकूंचं फाटक उघडताना बंद दातात धरला आणि वर बघते तर काकू खिडकीत. तेव्हापासून मी पिशवी खाली धुळीत ठेवायचे आणि दोन्ही हातांनी कडी काढायचे.

लोकांना ते पुस्तक आवडलं. आवडलं म्हणजे — डोक्यावर घेतलं हो. आठवले काकू म्हणाल्या, "तिकडे बारा महिने गोदेला पूरच म्हणायचा की! घाटावरचा दुतोंड्या मारुती कायमचा पाण्यात! पण ती घरमालकीण गं, काय वठलीय! अगदी आपल्यातली वाटते." कॉलेज रोडला गायकवाड म्हणून रिटायर्ड ओव्हरसियर होते, पुस्तकातल्या चुका काढण्यासाठीच वाचायचे. ते म्हणाले, "खुनी बोटीतून उतरताना डाव्या पायानं लंगडतो आणि जिना चढताना उजव्या. चूक आहे. पण बाई, मला खुनी ओळखता आला नाही. पहिल्यांदा हरलो. लेखकाला कळवा, पुढचं लवकर लिहा म्हणावं." मंदा नावाची नर्स होती, तिनं ड्यूटीवर वाचलं आणि रोझाच्या प्रकरणाला इतकी हसली की पेशंट जागे झाले.

रोझा, रोझा, रोझा. ज्याला त्याला तीच आवडलेली. लोक हसत होते ते मला हसत होते, आणि मी त्यांच्याच दारात उभी राहून ऐकत होते. आता कुणीतरी पुस्तकातून मान वर करणार, माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, "अगं बाई! ही तर —" कुणीही म्हणालं नाही. पण चोराच्या मनात चांदणं तसं माझं झालेलं. आणि मी तर तोवर काही चोरलंही नव्हतं.

संध्याकाळी कमल खांद्यावरची शाळेची पर्ससुद्धा न उतरवता सरळ माझ्याकडे आली. "काय म्हणतात गं?"

मी म्हणाले, "लोकांना इटली पटत नाही."

हे पहिलं खोटं. किती सहज निघालं तोंडातून! तिचा चेहरा पडला, आणि — आता लपवून काय करू? — मला बरं वाटलं. पुढच्या खेपेला मी म्हणाले, ती घरमालकीण डोक्यात जाते म्हणतात, उगाच पाचकळपणा. गायकवाडांची लंगड्या पायाची चूक तेवढी सांगितली आणि पुढचं गिळलं. ती तरी खरी होती ना? असं मी मलाच विचारायचे. कमल मान हलवायची. "बरं झालं सांगितलंस," म्हणायची. एकदा म्हणाली, "वाचनालयाची प्रत दाखव ना, कुणी मागे काही लिहिलंय का बघते." मी म्हणाले, उद्या आणते. त्या दुपारी मी शेवटचं पान घेऊन बसले. फक्कड — खोडलं. लई भारी, पुढचं कधी — खोडलं. घरमालकिणीला शंभरपैकी शंभर — तेही खोडलं. कुणीतरी "वेळ वाया गेला" लिहिलं होतं, तेवढं ठेवलं. कमलनं ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं. 

मग माझी झोप उडाली. नाशिक तेव्हा केवढंसं! सराफ बाजारात गेलं तर चार ओळखीचे भेटणार. कमलला कुणी गाठलं तर? एकदा तसं झालंच. कमल आणि मी भांड्यांच्या दुकानापाशी उभ्या, आणि समोरून आठवले काकू! आल्या त्या हात उंच करून, "अगं सुमन, त्या घरमालकिणीचं दुसरं —"  मी पुढे झाले, काकूंचा दंड धरला आणि "काकू, ऊन किती झालंय, चला, बसा" करत त्यांना चक्क टांग्यात बसवलं. त्यांना टांगा नकोच होता. पूल ओलांडला की घर! टांगेवाला निघाला तरी त्या वळून वळून माझ्याकडे बघत होत्या. कमलनं विचारलं, "कुठली घरमालकीण म्हणत होत्या?" मी म्हणाले, त्यांच्या भाचीच्या घरमालकिणीचं काहीतरी लफडं आहे. त्याच आठवड्यात मी पुस्तक फिरतीतून काढलं. विचारतील त्यांना सांगितलं, हरवलं.

कमलनं पुढे विषय काढला नाही. मला वाटलं, सुटले.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती परत खाली आली. ह्या वेळी हातात दोऱ्यानं बांधलेले कागद. "राहवलं नाही गं," म्हणाली. "प्रकाशक तयार आहे. पण मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. तू वाच. तू नको म्हणालीस तर नको."

मी दुपारी दार लावून वाचलं. पुन्हा व्हेनिस. पण ह्या वेळी खुनाचा छडा लावते ती सिन्योरा रोझा. पोलीस हात टेकतात तिथे ही बाई घरोघर जाते, चौकटीला टेकून बोलते, ऐकते, आणि तिला कळतं — कारण सगळ्या घरांची आतली बाजू फक्त तिनं बघितलेली असते. शेवटी मोठा पोलीस अधिकारी तिच्यासमोर टोपी काढून उभा राहतो. आणि मध्येच एके ठिकाणी तिच्या दुखऱ्या खांद्याबद्दल होतं. ओझं वाहून वाहून उतरलेला खांदा. घरी आली की ती तो भिंतीला दाबून उभी राहते, कुणी बघत नाही असं बघून. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं हो. कमलनं बघितलं होतं. इतकी वर्षं ती मला हसण्यासाठी बघत नव्हती.

मी रडले. पदर तोंडात कोंबून रडले. आणि ठरवलं, वर जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. एकूण एक.

गेले. कमल गहू निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पदराशी चाळा करतेयस म्हणजे बरं नाहीये. बोल. बाकीचे दोघे गोड बोलतात गं, खरं सांगणारी तू एकटी आहेस मला."

तुम्हीच बघा आता. चांगलं आहे म्हणावं, तर मागचं सगळं सांगावं लागणार. लोक इतके खूश होते तर तेव्हा का नाही बोललीस, ह्याचं काय उत्तर देणार होते? मी तिच्या सुपातल्या गव्हाकडे बघितलं आणि म्हणाले, "लोक हसतील गं, कमल."

हे मी ते पुस्तक वाचून म्हणाले. पहिल्या वेळचं एक सोडा, तेव्हा मला राग होता. ह्या वेळी राग नव्हता. माझं पितळ उघडं पडू नये, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागद घेऊन माझ्याकडे आली. आमच्याकडे तेव्हा पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. "घे," हसत म्हणाली, "निदान पाणी तरी तापेल." मोरीपाशी उकिडवी बसून तिनं स्वतःच एकेक प्रकरण आत सारलं. मी शेजारी उभी होते. आता बोल, आता बोल, असं माझ्या मनात चाललेलं. तिनं शेवटचा गठ्ठा घातला, हात झटकले आणि शाळेला उशीर होतो म्हणून गेली. पाणी कढत झालं होतं. मी त्या पाण्यानं अंघोळ केली.

हे सांगायचं होतं.

कमलनं त्यानंतर काही लिहिलं नाही. प्रकाशकानं दोनदा माणूस पाठवला, तिनं नाही म्हणून कळवलं. टीव्ही आले तसं माझं वाचनालयही बंद पडलं. आठवले काकू गेल्या. आता बोलेल असं कुणी राहिलेलं नाही, तरी कमल कुणाशी हसून बोलताना दिसली की अजून मी लगबगीनं मध्ये जाऊन उभी राहते.

परवा दिवाळीच्या फराळाला तिच्याकडे गेले होते. तिची मुलगी रेखा कॉलेजात आहे. तिनं एक गोष्ट लिहिलीय. कमल तिला म्हणाली, "आधी सुमनमावशीला दाखव. ती तोंडदेखलं बोलत नाही." पोरीनं कागद माझ्या हातात दिले आणि दोघी समोर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाचली. गोष्ट चांगली होती. मी म्हणाले, "चांगली आहे, रेखा. छापायला दे."

रेखानं आईकडे बघितलं. "मावशी उगाच तर नाही ना म्हणत?"

"छे गं!" कमल म्हणाली. तिला केवढा आनंद झाला होता! "ती कुणालाही म्हणत नाही तसं. मला नव्हती म्हणाली."

आणि हसत हसत तिनं माझ्या बशीत अजून एक करंजी वाढली. मी ती खाल्ली.