माझी तिथी अकिन्यीला

शेवटच्या भेटीत सुमाआत्याने मला एकच विचारलं, "अवि, नवीन वर्षाचं कॅलेंडर आणलंस का रे?" मी साफ विसरलेलो. "अजून आलं नाही गं दुकानात," असं ठोकून दिलं. नौपाड्यातल्या तिच्या घरापासून दुकान चार पावलांवर, दाराशीच कॅलेंडरांच्या सुरळ्या उभ्या. ती हसली. "बरं, आलं की आण. मुलं वाट बघतायत." चौथ्या दिवशी सकाळी तिच्या शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या बाजारात गवार निवडत होतो... आत्या झोपेतच गेली होती. गवार तिथेच राहिली, थाप मात्र माझ्याबरोबर आली.

मुलं म्हणजे केनियातली. आत्याला स्वतःची नव्हती; शाळेत गणित शिकवण्यात तिचा जन्म गेला. निवृत्तीनंतर आम्ही भाच्यांनी तिला अष्टविनायक सुचवलं, तर ती किसुमूजवळच्या एका अनाथाश्रमात सहा महिने फुकट शिकवायला गेली. पुढे आणखी दोनदा. विमानतळावर मी तिला "पाणी उकळून पी" असा मोलाचा सल्ला दिला आणि परतताना वडापाव खाऊन स्वतःच आजारी पडलो.

तिथल्या चौदा मुलांपैकी एकालाही आपला वाढदिवस माहीत नव्हता. सात वर्षांच्या अकिन्यीला एवढंच ठाऊक, की आपण सकाळी जन्मलो. त्यांच्याकडे नावातच वेळ असते म्हणे. "वेळ आहे म्हणजे अर्धी पत्रिका झालीच की," असं म्हणून आत्याने उरलेली अर्धी आमच्या घरातून भरून काढली. आम्हा चौदा जणांच्या जन्मतिथी तिला तोंडपाठ होत्या. त्या तिने वाटून टाकल्या.

"माझी तिथी देऊन टाकलीस? विचारायचं तरी!"

"वापरत होतास का? तारीख आहे ना तुझ्याकडे? तिथी नुसती पडून होती."

तोवर मला वर्षातून दोन वाढदिवस असायचे. दोन्हींना सकाळी सातला तिचा फोन: "ऊठ, देवाला नमस्कार कर, गोड काहीतरी खा." तिथीचा फोन मी पांघरुणातूनच "हो, हो" करत संपवायचो. वाटणी झाली आणि तो बंद पडला. सांगायला लाज वाटते, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी मला त्या सात वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला.

घोटाळा पुढेच होता. तिथी दरवर्षी सरकते. आश्रमाच्या बाई चक्रावल्या, "गेल्या वर्षी हिचा वाढदिवस फेब्रुवारीत होता, यंदा जानेवारीत कसा?" मुलांना मात्र हा हिंडणारा वाढदिवस फार आवडला. मग दर डिसेंबरात आत्या भिंग आणि पेन्सिल घेऊन बसायची, नव्या कॅलेंडरावर चौदा गोल करायची आणि तारखांची यादी तिकडे पाठवायची. "शिकून घे रे, मी काही पुरणार नाही." एकोणीस वर्षांनी तिथी नि तारीख पुन्हा एकत्र येतात, हे ती समजावत असताना मी दोनदा चक्क पेंगलोय.

तेरावा झाल्यावर मी कॅलेंडर आणलं. तिच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर जुनं लटकत होतं, मागे तिच्या टपोऱ्या अक्षरात तिथींसकट चौदा जोड्या. दादाची, माईची... आणि 'अवि – अकिन्यी'. मी तिथेच ओट्याशी बसलो. शुद्ध आणि वद्य यांत असा काही घोळ घातला, की बायको तपासून म्हणाली, "अहो, या पोराला तुम्ही वर्षातून दोनदा जन्माला घातलंय!"

अकिन्यीच्या माघ शुद्ध नवमीपाशी पेन्सिल थांबली. त्या चौकोनात माझीच तारीख होती. पुन्हा चुकलो असणार म्हणून तीनदा बघितलं. मग आठवलं... एकोणीस त्रिक सत्तावन्न. यंदा मला सत्तावन्न पूर्ण होतायत.

यादी उशिरा का होईना, गेली. तो दिवस पुढच्या आठवड्यात आहे. तिथल्या मुलांनाही आत्या त्यांच्या सकाळी सातलाच फोन करायची. तो आता मी करणार. तिकडे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेनऊ होतात.

आपल्या सातपासून साडेनऊपर्यंत मी काय करायचं, ते मात्र तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही.