मुलुंडचा अस्सल पिरान्हा

"दात बघितलेत?" कुणी मासा दाखवायला आणला, की आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचे. दात बघायची हिंमत मालकाला झालेली नसायची. पिरान्हा म्हणून घेतलेला ना तो.

मग काका टॉर्च मारायचे. त्रिकोणी, धारदार दात आणि पुढे आलेला खालचा जबडा असला तर पिरान्हा. माणसासारखे चपटे दात असले तर पाकू, म्हणजे पिरान्हाचा गरीब स्वभावाचा चुलतभाऊ. निकाल बहुतेक ठरलेलाच. "पाकू. बाजारात रूपचंद म्हणून मिळतो तो. मसाला लावा, तळा."

घाटकोपरहून एक जोडपं बादलीत मासा घेऊन आलं होतं. नवऱ्याने त्याचं नाव 'किलर' ठेवलेलं. काकांनी बादलीत मटारचा दाणा टाकला. किलरने तो आवडीने खाल्ला. बायको गेटबाहेर पडेपर्यंत हसत होती.

असे परीक्षक तुमच्याही ओळखीत असतील. विमा कंपनीत काकांनी जन्मभर लोकांचे दावे फेटाळले होते. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा बिचारे मासे तावडीत सापडले.

त्यांच्या स्वतःच्या टाकीवर मात्र पाटी होती: 'अस्सल पिरान्हा. हात घालू नये.' काकूंनी निवृत्तीच्या दिवशी भेट दिलेला मासा. त्याच्यावर टॉर्च मारायला बंदी. "त्याच्या डोळ्यांना त्रास होतो." मासा इतका गरगरीत झाला होता, की शंका सगळ्यांनाच होती. माझे दोन्ही मासे काकांनी पाकू ठरवले होते, तरी तोंडावर बोलायला माझीही जीभ रेटली नाही.

काका हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा भेटायला गेलो. काकू औषधं आणायला खाली गेल्या, तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"माशाला काकडी घालत जा. साल काढून."

"पिरान्हाला काकडी?"

"शहाणपणा करू नकोस. पाकू आहे तो. पहिल्याच दिवशी दात बघितले मी. हिने हौसेने आणला होता रे. हिला कळू देऊ नकोस." मी मान डोलावली.

जन्मभरात त्यांनी मंजूर केलेला हा एकमेव खोटा दावा असावा.

काका घरी आले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी मी काकडी घेऊन गेलो. काकू आत आहेत असं बघून घाईघाईने फोडी टाकल्या.

"एवढी नको रे घालू," मागून आवाज आला. "सकाळी मटार खाल्लेत त्याने."

मी वळलो.

"हे फिरायला गेले की रोज घालायचे मी. लोकांना दिवसभर चपटे दात समजावत बसायचे, मला कळत नाही होय? आपलाही तसलाच निघाला म्हटल्यावर किती वाईट वाटलं असतं त्यांना."

काकांनाही माहीत होतं, हे ओठांवर आलं. पण काकांना शब्द दिला होता. उरलेली काकडी मी पिशवीत टाकली.

काकूंनी तिरकी झालेली पाटी सरळ केली. मग पाण्यात हात घालून एक फोड त्या अस्सल पिरान्हाच्या तोंडाशी धरली.