दल्सूच्या बुडाची बातमी

दुराम गावात सकाळी साडेसहाला भोंगा वाजतो. आधी एक रडकं जुनं गाणं, मग सरपंच पांग यांचं खाकरणं, आणि मग बातम्या. खताची पोती आली, डोळे तपासायची गाडी येणार, अमक्याचं कुत्रं सुटलंय. त्या हिवाळ्यात मात्र पहिली बातमी मा दल्सूच्या बुडाची असायची.

"आ, आ. ऐकू येतंय का? दल्सूची जखम आज बोराएवढी. गेल्या आठवड्यात चेस्टनटएवढी होती. आता खताचं सांगतो."

एखाद्याच्या बुडाची बातमी गावभर कशाला द्यायची, असं कोणालाही वाटेल. त्याला कारण नामवोनची आजी. वय अठ्ठ्याऐंशी. माहेर नामवोनचं म्हणून हेच नाव पडलं, खरं नाव तिचं तिला तरी आठवतं की नाही देव जाणे. ही बाई रोज पहाटे पाचला सरपंचांना फोन लावायची, "दल्सूची जखम कशी आहे?" सरपंच सांगायचे. तिला ऐकू यायचं नाही. ते ओरडायचे. तिकडून परत "आं?" असं चार पहाटा चाललं, पाचव्या दिवशी सरपंचांनी सरळ भोंग्याची कळ दाबली.

"अहो सरपंच, माझी काही अब्रू आहे की नाही?" दल्सूने फोनवर विचारलं.

"तुला कुठे ती जखम दिसतेय? ज्यांना दिसते त्यांनी लाजावं," सरपंच म्हणाले आणि फोन ठेवला.

दल्सू सत्तेचाळीस वर्षांचा. नऊ वर्षांपूर्वी परसातल्या पर्सिमनच्या झाडावर फळं काढायला चढला आणि पडला, मणका मोडला, आणि कमरेखालचं कळेनासं झालं. पुढची सहा वर्षं हॉस्पिटलांत गेली. हॉस्पिटलांत म्हणजे एकात नाही, चौदा! पाच-सहा महिने झाले की आता दुसरीकडे बघा म्हणायचे, की हा पिशवी भरून निघाला. शेवटी शेवटी तर प्रत्येक नव्या खोलीत तीच जुनी माणसं भेटायला लागली, तीही फिरतच होती. पंधराव्याचा कागद हातात आला तेव्हा दल्सूने रिक्षा पकडावी तशी गावाकडची गाडी पकडली आणि घरी आला.

गावाने त्याला घेतलं, पण गाव म्हटलं की आधी वाद आलाच. समाजघरात चपला काढून आत जायचं. मग खुर्चीची चाकं चपलांत धरायची की पायांत? दोन संध्याकाळी हाच विषय. अखेर नामवोनच्या आजीने लोकरीचे दोन गोल मोजे विणले, एक लाल, एक हिरवा, कारण लाल लोकर संपली. दारात आला की चाकांना मोजे चढवायचे आणि आत. तेव्हापासून दल्सू समाजघराचाच झाला. कोणाच्या भातकुकरची वायर जोडायची, कोणाला मोबाइलवर नातवाचा फोटो काढून द्यायचा, ह्वातूच्या पत्त्यांचा डाव चालला की कोणी लबाडी केली ते सांगायचं, सगळं त्याच्याकडे.

दर पंधरा मिनिटांनी त्याने दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं असतं, नाहीतर दाबाने कातडी मरते. त्यासाठी घड्याळ लागत नव्हतं. कोणीतरी ओरडायचंच, "दल्सू, उचल!" त्याची इतकी सवय झाली की एकदा गोकसोंगच्या काकूने खिडकीतून आरोळी दिली तर आतले तीन म्हातारेही उचलून बसले. ही गोकसोंगची काकू त्याची मदतनीस. सरकारकडून पगार घेते, चार तासांसाठी येते आणि आठ तास भांडत बसते.

मग ती जखम झाली कशी? मायेने झाली, दुसरं काय!

डिसेंबरात पहिला बर्फ पडला त्या दिवशी दल्सू भिजून आला. समाजघराची जमीन खालून तापते, आणि आतला कोपरा सगळ्यात गरम. ती जागा वयाने मोठ्याची, म्हणजे नामवोनच्या आजीची. बारा वर्षं तिथे दुसरं कोणी टेकलेलं नाही. आणि आजी उठली, म्हणाली, "पोर गारठलंय. याला इथे बसवा."

"आजी, नको. मला गरम काय आणि गार काय."

"मी उठलेय ना? आता मला उठताना बघून तू नाही म्हणणार?"

अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई आपली जागा देते, तिला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? खुर्चीवरून उचलून त्याला तिथे बसवलं. नेमका त्याच दिवशी डावात सरपंचांवर लबाडीचा आळ आला. तीन तास भांडण रंगलं. "उचल" म्हणायचं सगळे विसरले, आणि न्यायाधीश दल्सू स्वतःही विसरला. रात्री काकूने आंघोळ घालताना पाहिलं आणि बादली तिच्या हातातून पडली. दल्सूला कळलंच नव्हतं. बूड भाजलं होतं.

आरोग्य केंद्राची नर्स योम आली, आरसा धरून त्याला जखम दाखवली आणि म्हणाली, "दल्सूभाऊ, आता पालथं पडायचं. जेवायचं पालथं, टीव्ही बघायचा पालथं, देवाला नमस्कारसुद्धा पालथाच. ताप आला तर मात्र मी ऐकून घेणार नाही."

काकूने सुवॉन शहरात राहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाला फोन केला. करायला नको होता. मा दल्गुन हा कंपनीत मोठा माणूस, महिन्यातून एकदा फोन करणार, आणि प्रश्न दोनच, "खातोस ना? औषध घेतोस ना?" या वेळी तिसरं वाक्य आलं.

"मी सांगत होतो, गावात तुझी काळजी कोण घेणार? सोल्लालला येतोय. तोपर्यंत जखम भरली नसेल तर मी इथे हॉस्पिटलात खाट धरून ठेवली आहे. त्यावर वाद नको."

दल्सूने फोन ठेवला. सोल्लाल, म्हणजे नव्या वर्षाचा सण, सात आठवड्यांवर होता. दल्सूला पंधराव्या हॉस्पिटलची भीती मरणाहून जास्त वाटायची. तो काही रडणारा माणूस नाही, पण त्या दिवशी उशीत तोंड खुपसून बराच वेळ पडला होता. पालथं पडायचा तेवढा एक फायदा, कोणाला दिसत नाही.

घरी एकटा ठेवायचा कसा, म्हणून त्याची गादी समाजघरात आली. थंड टोकाला, दाराजवळ. आजीनेही आपला गरम कोपरा सोडला तो सोडलाच. "ती जागा वाईट आहे," एवढंच म्हणाली आणि दाराच्या फटीतला वारा खात दल्सूजवळ बसायला लागली. सगळे खोकले तिलाच. कोपरा रिकामा पडून राहिला.

आता पालथ्या माणसाशी पत्ते खेळायचे म्हणजे त्याने मान वर करून बघायचं. दोन दिवसांत दल्सूची मान धरली. तिसऱ्या दिवशी आजी काही न बोलता त्याच्यासमोर पालथी पडली. पानांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. "हां, वाट." मग काकू पडली. मग सरपंच, पोटाखाली दोन उशा घेऊन. आठवड्याभरात दुरामच्या समाजघरात बसून खेळणारा एकही माणूस उरला नाही. सगळे आडवे. उठायला प्रत्येकाला दहा मिनिटं लागायची, म्हणून उठतच नव्हते. सोयाबीनचं सूपसुद्धा तसंच प्यायला लागले.

नर्स योम पट्टी बदलायला आली ती नेमकी एका अवघड डावाच्या वेळी. सगळे पानांकडे टक लावून गप्प. तिने दार उघडलं तर नऊ जण जमिनीवर पालथे, कोणाची हालचाल नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "गॅस! गॅस!" म्हणून किंचाळली, चारही खिडक्या सताड उघडल्या आणि सरपंचांना पाय धरून बाहेर बर्फात ओढलं.

"अगं बाई, सोड! मी जिंकत होतो!" सरपंच ओरडले.

नर्स पायरीवर बसून आधी रडली, मग हसली, मग सगळ्यांना शिव्या दिल्या. पण पट्टी सोडून पाहिलं तर जखम सोयाबीनच्या दाण्याएवढी झालेली. दुसऱ्या दिवशी भोंग्यावर ते सांगताना सरपंचांनी सोयाबीन दोनदा म्हटलं.

पण दिवस थांबतात होय? सोल्लाल उद्यावर आला, सकाळी भोंगा म्हणाला, "तिळाएवढी." फक्त एक तीळ उरला होता, आणि तो काही हलेना. दुपारी समाजघरासमोर काळी मोटार थांबली.

दल्गुन आत आला. पाच तास गाडी चालवून डोळे लाल, अंगात कोट. समोर नऊ पालथी माणसं. त्याने तेही गिळलं.

"भरली का?"

"दादा, तिळाएवढी आहे. नर्स म्हणते अजून चार दिवस."

"म्हणजे नाही भरली. पिशवी भर. परवा सकाळी निघायचं."

"दादा, ऐक तरी."

"काय ऐकू? तुला खाली आग लागली तरी कळत नाही! ज्याला कळत नाही त्याने जिथे बघायला माणसं आहेत तिथे राहावं. चूक बोलतोय का मी?"

दल्सू मान वर करून बघत होता, आणि मान दुखत होती. खरं होतं ते.

"ए कोटवाल्या," नामवोनची आजी म्हणाली, "इथे उभं राहून कोणी बोलत नाही. पोराची मान मोडतोस. आडवा हो."

"आजी, मी..."

"तुझं नाक मी पुसलंय. आडवा हो!"

कोट असो की काही असो, गावात तो अजून शेंबडाच. जागा एकच रिकामी होती, आतला कोपरा. सण म्हणून जमीनही आज जास्त तापवलेली. दल्गुन गुडघे टेकत पालथा झाला, आणि दल्सूची गादी त्याच्याकडे, कोपऱ्याच्या कडेपर्यंत सरकवली गेली. दोघा भावांची तोंडं समोरासमोर आली. नऊ वर्षांत प्रथमच. एक खुर्चीत आणि दुसरा उभा, किंवा एक खाटेवर आणि दुसरा उभा, असंच चाललं होतं इतकी वर्षं.

दल्गुन हळूच म्हणाला, "साहेबांना द्यायला पर्सिमन पाहिजे होते मला. मीच फोन केला होता तुला, उद्याच पाठव म्हणून."

"माहितेय की. मीच उचलला होता तो फोन."

"नऊ वर्षं..."

"दादा, ती फळं कच्ची होती. तुझ्या साहेबाचं तोंड वाकडं झालं असतं. तुझी नोकरी वाचली."

दल्गुनला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. ते लपवायला त्याने गाल जमिनीवर टेकवला. जमीन गरम होती. पाच तासांचा शिणलेला माणूस, दोन मिनिटांत घोरायला लागला. त्याला उठवायचं कोण? डाव पुन्हा सुरू झाला.

दोन तासांनी तो उठला तेव्हा गोकसोंगच्या काकूने तोंडावर हात धरला. उजवा गाल लालबुंद, आणि मधोमध बोराएवढा फोड.

नर्सला बोलावलं. ती मलम लावत असताना आजी गुडघ्यांवर सरकत आली आणि फोडाकडे नाक नेऊन नीट बघितलं.

"तुला तर सगळं कळतं ना रे? डोक्यापासून नखापर्यंत?"

"हो, आजी."

"तरी भाजलास. मग आता तुला कुठल्या हॉस्पिटलात टाकायचं, सांग."

सगळे पालथेच हसले. हसताना आजीला खोकला आला, आणि थांबेना. दल्सूने हात लांब करून तिची पाठ चोळली. मग गादीवरून सरपंचांना म्हणाला, "खुणेसाठी लाल चिकटपट्टी आणा. कोपऱ्याच्या कडेला चिकटवा. पट्टीच्या आत मी यायचं नाही, बाहेर आजीने बसायचं नाही. आणि आजी, माझ्या गादीखाली दर पंधरा मिनिटांनी तुम्ही हात घालायचा. मला कळत नाही. तुम्हाला कळतं. मला तुम्ही सांगायचं."

आजीने तिथल्या तिथे हात घातला. "कोमट," म्हणाली.

दल्गुन उठून बाहेर गेला. काचेतून तो फोनवर बोलताना दिसत होता. गालावर पट्टी, पायात एकच चप्पल. "खाट नको," एवढं आत ऐकू आलं. पलीकडून कारण विचारलं असावं. त्यावर तो म्हणाला, "इथे जागा आहे."

सणाच्या सकाळी भोंगा वाजला. "आ, आ. दल्सूची जखम तिळाएवढी. दल्गुनचा गाल बोराएवढा. तांदळाच्या वड्यांचं सूप समाजघरात आहे, भांडी आपापली आणा."

पाचव्या दिवशी दल्सूचा तीळ मिटला. दल्गुन सुवॉनला परत गेला होता. पण आजीचा पहाटेचा फोन पुन्हा सुरू झाला, आता गाल विचारायची. म्हणून सरपंचांनी दल्गुनला हुकूम सोडला, रोज सहा वाजता गालाचा फोटो पाठवायचा. महिन्यातून एकदा फोन करणारा तो माणूस, पण रोज फोटो यायला लागला. फोटोखाली दोन ओळी, काल काय जेवलो, बर्फ आहे की नाही, दल्सू काय करतोय. दल्सू खुर्चीत बसून त्याला उत्तर लिहायचा. मध्येच कोणीतरी ओरडायचं, तो उचलायचा आणि पुढे लिहायचा.

मार्चमध्ये एका सकाळी सरपंच मोबाइल घेऊन समाजघरात आले. "आजी, गाल साफ झाला. डागसुद्धा नाही. आजपासून बातमी बंद करतो, दल्गुनचे फोटोही."

आजी तिच्या गरम कोपऱ्यात बसली होती, एक हात दल्सूच्या गादीखाली. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. मग दल्सूकडे बघितलं. तो खाली मान घालून पानं पिसत होता, उगाच.

"तुला दिसत नाही, मेल्या," ती सरपंचांना म्हणाली. "तिळाएवढी आहे अजून. तसंच सांग भोंग्यावर."