मांजरीच्या कोपऱ्याला कोड नंबर

माझा मूर्खपणा मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी काढायला नको. आमच्या शेठनी ‘गोदामाचं ऑटोमेशन करायचंय’ म्हटलं, तेव्हा मला वाटलं आता पोती मशीन उचलणार! मी लगेच जाऊन हमालांना पेढ्यासारखी ही बातमी वाटली. दोन दिवसांनी ट्रक लागला, तर सगळे पिंपळाखाली पाय पसरून बसलेले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नही ताई. मशीन कव्हय येई, त्यानी वाट दखी ऱ्हायनूत.”

नंदुरबारच्या या गोदामात मी पंधरा वर्षं स्टॉक सांभाळते. मिरची, तूर, आमचूर. माल येतो नि जातो, किस्से मात्र नुसते येतात. त्यांना डिस्पॅच नाही!

०००

मुळात सॉफ्टवेअर हवं झालं ते होळीमुळे.

आमचे गोदामप्रमुख गुलाबदादा धडगावच्या वरच्या पाड्यातले. घरी पावरी बोलतात, आमच्याशी अहिराणी. कुठलं पोतं कुठल्या थप्पीत, कधी आलं, कुणाचं, सगळं तोंडपाठ. कागद नाही, वही नाही. वर्षभर एक सुट्टी घेत नाहीत, पण होळीला आठवडाभर डोंगरावर. तिथे मोबाईलला रेंज नाही.

यंदा नेमकं त्याच आठवड्यात सुरतच्या व्यापाऱ्याला जुन्या लॉटची मिरची हवी होती. आम्ही सगळ्या थप्प्या उलट्यापालट्या केल्या. शेवटी मी जीपवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘तुम्ही जिथे चहा ठेवता, त्याच्या खाली.’

माझं टेबल म्हणजे मिरचीच्या पोत्यांवर टाकलेली फळी आहे, हे मी पार विसरले होते!

शेठ भडकले. “आख्खं गोदाम एकाच मानुसना डोकामा शे! अन् ते डोकं होळीले डोंगरवर जाई बसनं!”

मग जरा थांबून म्हणाले, “सॉफ्टवेअर बसू द्या, मंग गुलाबनं बघू.”

दादा परत आल्यावर शेठ त्यांच्यासमोरही हेच म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे ‘घरी पाठवू’, हे सगळ्यांना कळतं. दादांची मुलगी नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अजून दोन वर्षं आहेत. दादा थप्पी सरळ करत राहिले. आणि सॉफ्टवेअर निवडायचं काम शेठनी माझ्याकडे दिलं.

०००

पहिला डेमो द्यायला पुण्याहून एक साहेब आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानाला हेडफोन. “आता हात वापरायची गरजच नाही मॅडम. नुसतं बोलायचं, सिस्टीम ऐकते.”

आत सुमनबाई नि त्यांच्या वीस-पंचवीस बाया मिरचीचे देठ खुडत होत्या. साहेब आत शिरले, “नमस्कार” म्हणाले आणि जे शिंकायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, नाकाला रुमाल. अर्ध्या तासात एक वाक्य पूर्ण झालं नाही.

सुमनबाईंनी देठ खुडता खुडता मला विचारलं, “ताई, हाई मशीन बोलानं शे का शिंकानं?”

साहेबांनी उरलेला डेमो पार्किंगमधून ईमेलने दिला.

०००

दुसऱ्या कंपनीला प्रत्येक जागेला कोड हवा होता. ए-एक, ए-दोन असं. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं नि आमच्या जागांची यादी काढली. ‘गळकं’, ‘वजनकाट्यामागचं’, ‘सुमनबाई डबा खातात ते’, ‘मांजरीचा कोपरा’.

त्यांच्या माणसाने तोंडावरची रेषही हलू न देता एकेक टाईप केलं. “मांजरीचा कोपरा. कपॅसिटी किती पोती?”

मी गुलाबदादांकडे पाहिलं.

दादांनी गंभीरपणे विचारलं, “मांजर धरीसन का सोडीसन?”

०००

त्याच कंपनीची आम्ही महिनाभर ट्रायल घेतली. आमचुराची चाळीस पोती मोलगीहून आली. स्क्रीनवर एक जागा हिरवी झाली, मागच्या भिंतीशी.

दादा म्हणाले, “ताई, तठे नको. भिंतनामांगे पानीनी टाकी शे.”

मी म्हटलं, “दादा, कॉम्प्युटर हिरवं दाखवतोय.”

“दाखू द्या.”

पण मला नव्या स्क्रीनचा भारी रुबाब! पोती तिथेच लावून घेतली. पंधरा दिवसांनी उघडली, तर भिंतीकडच्या पोत्यांतला आमचूर ओल धरून दगड झालेला. डोंगरातल्या बायांनी कैऱ्या सोलून, उन्हात वाळवून पाठवलेला माल. मला खूप वाईट वाटलं. त्यांची मेहनत मी एका हिरव्या चौकोनावर वाया घालवली होती.

 दादांनी एक ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं नि म्हणाले, “कॉम्प्युटरले चाखाले द्या.”

०००

तिसऱ्या कंपनीच्या बाईंनी डेमो दाखवलाच नाही. “मॅडम, सॉफ्टवेअरला स्वतःचं काही कळत नसतं. तुमच्याकडे ज्याला कळतं, त्याच्याकडून नियम लिहून आणा. कुठला माल कुठे, का, किती दिवस.” आणि एक कोरी फाईल पाठवून दिली. मी तीच कंपनी निवडली.

मग बसलो, मी आणि गुलाबदादा. ते सांगणार, मी टाईप करणार. दादांनी हातचं राखून काही ठेवलं नाही. ही भिंत दुपारी तापते, इथे तूर नको. या दाराने वारा येतो, मिरची इथे. उंदीर अमुक महिन्यात तमुक बाजूने येतात. मी एका बोटाने अक्षरं शोधत होते, दादा शेजारी शांतपणे थांबत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या भिंतीची पहिली थप्पी लिहून पूर्ण झाली.

मला राहवेना. मी म्हटलं, “दादा, हे सगळं यात गेलं की शेठ तुम्हाला घरी पाठवतील. माहितीये ना? मग एवढं सगळं खरं खरं का सांगताय?”

दादांनी गोदामभर उरलेल्या थप्प्यांकडे पाहिलं. मग माझ्या बोटाकडे.

“ताई, तुमना टायपिंगना स्पीड दखा मी. पोरनं नर्सिंग आरामशीर व्हई जाई.”