वोंडाच्या ट्रकचा थरकाप

ट्रक इतका उंच होता की वोंडाला चढायला स्टूल लागायचं. तिचा नवरा थेन दर वसंतात त्याला आणखी थोडा उंच करायचा, आणखी मोठी चाकं घालायचा, आणि मग त्याच्यासारख्याच हौशी मंडळींबरोबर तांबड्या खडकांवर चढवायला घेऊन जायचा. वोंडा म्हणायची, ही गाडी आहे की मचाण. थेन हसायचा आणि स्टुलाला आणखी एक पायरी ठोकून द्यायचा. असा त्यांचा संसार.

थेन जाऊन आता दोन हिवाळे झाले होते. मूलबाळ नव्हतं. सुळक्याच्या पायथ्याशी घर, दोन म्हाताऱ्या घोड्या, आणि हा ट्रक. तिथून गावात जायचं तर आधी पन्हाळी पत्र्यासारखा कच्चा रस्ता, पुढे डांबरी. ट्रक नसेल तर त्या घरात राहणं म्हणजे विहिरीत राहण्यासारखं. आणि नेमकं ट्रकच्याच अंगात यायला लागलं.

अंगात येणं म्हणजे खरोखरच अंगात येणं. डांबरीवर जरा वेग घेतला आणि पुलाच्या सांध्यावरून किंवा गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी गजांवरून चाक गेलं की पुरे. स्टेअरिंग हातातून निसटायला बघायचं, पुढची दोन्ही चाकं घुमायला लागायची, सगळा ट्रक दात वाजवायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा वोंडाचा चष्मा नाकावरून मांडीत आला. ब्रेक दाबून ट्रक जवळजवळ थांबवावा तेव्हा कुठे वारं उतरायचं. मागाहून ट्रक असा शांत, जसं काही झालंच नाही.

गावात तिची धाकटी बहीण अर्डिथ राहायची. तीही एकटीच, पण बोलकी. ती वर्षभर मागे लागली होती की माझ्याकडे ये, मागची खोली रिकामी आहे. एकदा वोंडा तिच्या दारात उतरली ती पांढरीफटक होऊन, आणि अर्डिथने तिच्याकडून कबूल करून घेतलं: बर्फ पडायच्या आत ट्रक धड झाला नाही तर घोड्या विकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि तिच्याकडे यायचं. वोंडा हो म्हणाली. दिलेला शब्द फिरवणाऱ्यातली ती नव्हती, हीच तर पंचाईत.

मग सुरू झाले उपाय. त्या गावात चर्च दोन आणि मेकॅनिक घरटी एक. पेट्रोल पंपावर उभं राहून नुसतं विचारायचा अवकाश. एक म्हणाला टायर, एक म्हणाला बेअरिंग, एक म्हणाला बाईमाणसाने एवढी उंच गाडी चालवूच नये. गॅरेजवाल्याने टायर तोलून दिले, आणि स्टेअरिंगला धक्के खाणारा एक नवा जाडजूड दांडा बसवला, जसा दारं आपटू नयेत म्हणून लावतात तसा. आठवडाभर ट्रक गुणी बाळासारखा चालला. पुढच्या आठवड्यात असा खवळला की वोंडा शेजारच्या चरात गेली. दुखण्यावर गोधडी टाकली की दुखणं बरं होत नाही, नुसतं दिसेनासं होतं. पण हे वोंडाला कोणी सांगितलं नाही.

शेवटी तिने स्वतःच जॅक लावला. पुढची चाकं अधांतरी केली, थेनची जुनी सतरंजी पसरली आणि आयुष्यात पहिल्यांदा ट्रकच्या पोटाखाली शिरली. एकेक सांधा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. सगळं घट्ट. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. घट्टच. तिला वाटलं, ट्रक माझी चेष्टा करतोय.

खरं तर खालचं काम तिला ठाऊकच नव्हतं. थेन खाली असायचा तेव्हा ती वर सीटवर. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, आणि तिने स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं घुसळत राहायचं. खालून हुकूम यायचे. सूर्यफुलाच्या बिया चघळत ती तासन्‌तास घुसळायची आणि मनात म्हणायची, लग्नाच्या शपथेत हे कोणी वाचून दाखवलं नव्हतं. थेन खाली काय बघतो, हे तिने कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटत होतं.

या सगळ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. त्या कच्च्या रस्त्यावर समोरून कोणीही आलं की स्टेअरिंगवरची दोन बोटं उचलायची, ही तिथली रीत. ओळख असो नसो. चार दिवस तोंडातून शब्द निघाला नसेल तरी दोन बोटं उचलली की माणूस माणसात आहे असं धरायचं. वोंडा हल्ली दोन्ही मुठींनी स्टेअरिंग धरून बसायची, नजर रस्त्यातल्या खड्ड्यांवर. बोटं उचलायची कुठून?

पलीकडच्या खोऱ्यात लाव्हार नावाचा म्हातारा राहायचा. मेंढ्या विकून मोकळा झालेला, नवा खुबा बसवलेला, तोंडाने खवट. थेनच्या मातीला आला होता, टोपी हातात धरून मागे उभा राहून निघून गेला होता. तेवढीच त्याची आणि वोंडाची सोयरीक. एका सकाळी, रस्त्याच्या तोंडाशी घरोघरच्या टपालपेट्या रांगेत उभ्या आहेत तिथे, त्याने तिला गाठलं.

"मी काही केलं का?" त्याने विचारलं.

"कधी?" वोंडाने विचारलं.

"तीनदा बोटं उचलली. तू तोंड फिरवल्यासारखी सरळ गेलीस. मी घरी जाऊन आठवत बसलो, हिच्या घोडीला दगड मारला की काय मी."

वोंडाला हसू आलं, आणि हसता हसता तिने ट्रकचं सगळं पुराण सांगून टाकलं. बर्फाचं आणि अर्डिथचंही. इतकं सलग ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. लाव्हारने टपालाच्या गठ्ठ्याला रबर लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आणि तू खाली शिरलीस ती चाकं उचलून?"

"मग काय, चिरडून घेऊ?"

"अधांतरी सांध्यावर भारच नाही, तो सैल दिसणार कसा. बुटात खडा आहे का ते बूट काढून, हातात धरून कळतं होय? चाकं जमिनीवर पाहिजेत, आणि वर स्टेअरिंग घुसळायला कोणीतरी. हे एकट्याचं काम नाही, वोंडा."

ते तिला माहीत होतं. तेच तर ती कोणाला म्हणत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लाव्हार आला. खुब्यामुळे त्याला आडवं होणं जमणार नव्हतं, म्हणून तो स्टुलावरून कण्हत कुंथत सीटवर चढला आणि वोंडा खाली गेली. हे सीट कोणाच्या मापाने पुढे घेतलंय, माझे गुडघे कानाला लागतायत, अशी त्याची वरून कटकट चालू. खालून वोंडाने सांगितलं, सीटला हात लावायचा नाही. मग तो स्टेअरिंग घुसळायला लागला.

तिने एकेका सांध्यावर तळवा ठेवला. चाकांच्या आतल्या बाजूचे सांध्यांचे गोळे शांत. स्टेअरिंगच्या लांब दांड्याची दोन्ही टोकं शांत. मग पुढचा एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याला चेसीशी बांधून ठेवणारा आडवा दांडा असतो, त्याच्या वरच्या टोकाशी हात गेला. तिथे तळव्याखाली टक, टक. दांडा हलायच्या आधी बोल्ट हलत होता. जात्याचा खुंटा सैल झाला की ओढताना हाताला बसतो, तसा झटका. तिने बॅटरी मारून पाहिलं. बोल्टाचं गोल भोक झिजून अंड्यासारखं झालेलं, आणि त्यात एक बारीक बोल्ट मोकळा नाचतोय. जागा जाड बोल्टाची, आत घातलेला बारीक.

वोंडाने बॅटरी तिथेच धरून ठेवली.

"खाली झोप लागली काय?" लाव्हारने विचारलं.

"बारीक बोल्ट आहे. थेनने घातलेला."

घुसळणं थांबलं. लाव्हार म्हणाला, "थेन असं करणारा नव्हता."

नव्हताच. पण तिला आठवलं. शेवटच्या वसंतात, अंगात ताकद नव्हती तरी तो दिवसभर ट्रकशी खुडबुडत होता. तिने दारातून विचारलं होतं, येऊ का वर बसायला? तू राहू दे, म्हणाला. आणि तिला बरंच वाटलं होतं. चुलीवर बीन्स होत्या, बाहेर वारं होतं. हाताला लागला तो बोल्ट त्याने घातला असणार आणि तपासायला वर कोणी नव्हतं. दोघांचं काम तोही एकट्याने करून गेला होता.

हे तिने लाव्हारला सांगितलं नाही. सरपटत बाहेर आली आणि केसांतली माती झटकली.

लाव्हारने घरून वेल्डिंगचं यंत्र आणलं. पुढचं चाक उतरवून, बाजूला बसूनच झिजलेल्या भोकावर दोन्ही बाजूंनी जाड पत्र्याच्या चकत्या जोडल्या, पुन्हा नीट भोक पाडलं, मापाचा जाड बोल्ट घातला. शेवटचा पाना वोंडाने मारला, ट्रक चारी चाकांवर उभा असताना. हवेत आवळलास तर आतलं रबर पिळून बसतं, असं लाव्हारने दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावणार तेवढ्यात तिने त्याच्या हातात पीचच्या फोडींची बाटली दिली.

मग दोघं डांबरीवर गेली. लाव्हारने वरची कडी धरून ठेवली होती. पुलाचा सांधा आला, वोंडाने वेग सोडला नाही. धप्प असा एक आवाज झाला आणि ट्रक सरळ पुढे गेला. परतताना पुन्हा. गजांवरूनही. काहीच नाही. लाव्हारने कडी सोडली.

त्याच्या फाटकाशी तो घसरत खाली उतरला.

"शंभरेक मैल झाले की तो बोल्ट परत आवळावा लागतो," तो म्हणाला.

"तेवढं माझं मी करीन. ते एकट्याचं काम आहे," वोंडा म्हणाली. बोलून झाल्यावर तिला वाटलं, थोडं थांबून बोलले असते तर बरं झालं असतं.

"हो. तेवढं एकट्याचं आहे," लाव्हार म्हणाला, आणि फाटक लावून घेतलं.

घराच्या अलीकडे एक चढ आहे, तिथेच काय तो फोन लागतो. वोंडाने ट्रक बाजूला घेऊन अर्डिथला फोन केला. ट्रक धड झाला, आता हिवाळा इथेच, असं एका दमात सांगितलं. पलीकडून नेहमीसारखी सरबत्ती येईल म्हणून तिने फोन कानापासून जरा लांबच धरला होता.

सरबत्ती आलीच नाही.

"बरं झालं," अर्डिथ म्हणाली. "मी म्हणतच होते, होईल धड." मग म्हणाली, "मागच्या खोलीला रंग दिला होता गं. असू दे, रंग काय, कुठे पळून जातोय."

सुळक्यावरचं ऊन वर सरकत होतं. घोड्यांना चारा घालायचा राहिला होता. वोंडाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, म्हणजे नीट ऐकू येईल, आणि विचारलं, "कोणता रंग दिलास?"