काट्यांखालची विहीर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं डहाणू रोडला माझ्या दुकानात येणारं कुणीही सांगेल. खरंच आहे ते. दुरुस्तीच्या मोबाइलपेक्षा गप्पाच जास्त येतात माझ्याकडे. पण ही एक गोष्ट — ही कधी बाहेर पडली नाही. बायकोला माहीत नाही. मुलीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

मुलगी बोबडं बोलायची त्या दिवसांत बायकोला फुग्यांच्या कारखान्यात सकाळची पाळी असायची. पोर माझ्याकडे. मी आवरणार कधी? तिला टूथपेस्ट आवडायची — गोड लागायची. बोटावर दिली की गप्प बसून चाटायची. संपली की पुन्हा हात पुढे. मी पुन्हा द्यायचो. रोज. ट्यूब लवकर संपते म्हणून बायको कुरकुरायची, तर मी म्हणायचो, कंपनीवाले हल्ली हवाच भरतात.

पुढे दुधाचे दात पडले. समोरचे नवे आले ते खडूचे फराटे ओढल्यासारखे, पांढऱ्या डागांचे. दातांच्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, दुखणार नाही, पण डाग राहतील. पेस्टमधलं फ्लोराइड दातांना चांगलंच, पण लहान मुलांना अगदी थोडी लावायची, थुंकायला शिकवायचं. दात घडत असताना रोज पोटात गेलं तर असे डाग पडतात. कधी पिण्याच्या पाण्यातही ते जास्त असतं.

"ही पेस्ट खायची का?" त्यांनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "छे, कधीच नाही."

मग आजोळचं पाणी असेल, असं बायकोच म्हणाली. मुलगी सुट्टीभर तिथेच असायची ना. मी मान डोलावली. भ्यालो होतो का? हो. बायकोच्या तोंडाला. एवढंच.

आजोळची, तलासरीकडच्या पाड्यावरची विहीर माझ्या सासऱ्यांनी स्वतः खणलेली. आमची मुलगी झाल्यावर बायकोने तिला पदराखाली घेऊन त्याच विहिरीला हळदकुंकू वाहिलं होतं. सासरे गेले, विहीर राहिली. तिचं पाणी वाईट, हे सासूबाईंना पटेचना. त्यांनी एक बाटली घासूनपुसून भरली आणि माझ्या हातात दिली.

"तपासून आना. आमी सगली तेच पितो. आमचे दात बगा."

ती बाटली मी हायवेवर, चारोटीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला ओतली. पाणी चांगलं निघालं असतं तर? प्रश्न पुन्हा माझ्याकडेच आला असता. घरी सांगितलं — पाणी खराब निघालं. आपलं ठेवावं झाकून म्हणतात. मी त्यासाठी दुसऱ्याची विहीर झाकायला लावली.

सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी तिच्यावर काटे टाकले. शाळेजवळच्या हातपंपावरून हंडा आणू लागल्या, त्या वयात, चढ चढून. मुलीचं आजोळी राहणं बंद झालं. त्या आमच्याकडे यायच्या तेव्हा मुलगी ओठ मिटून हसायची, आणि ते बघून त्या मान खाली घालायच्या. मी समोर बसून चहा प्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा आम्ही पाड्यावर जाऊन राहिलो. एका दुपारी बायको औषध आणायला कासाला गेली होती, मी उशाशी होतो. त्यांनी पाणी मागितलं. मी उठलो, काटे बाजूला सारले आणि विहिरीतून तांब्या भरून आणला. का? बहुतेक मला तेवढंच सुचलं. पाणी नितळ होतं, गार होतं.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

"आपल्या विहिरीचं, आई."

त्यांनी तोंड फिरवलं. "नको. त्या पान्यानं माज्या पोरीचे दात घालवले."

तेव्हा तरी बोलायचं होतं. घरात आम्ही दोघंच. एक वाक्य पुरलं असतं. मी तांब्या अंगणात ओतला आणि हंड्यातलं पाणी दिलं. त्या प्यायल्या.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मला रडू आलं नाही. अजून येत नाही.

त्या दुपारी, बायको परत यायच्या आत, मी विहिरीवरचे काटे पुन्हा होते तसे लावून ठेवले. ते अजून तसेच आहेत.