केळ्याचा वास आणि आमचे मामा

वासाला इतका घाबरणारा आणि वासावर इतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या जयपुरात शोधून सापडायचा नाही, असे आमच्या हिचे मामा आहेत. जन्म कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर शिकवणं सुटलं नाही, फक्त विद्यार्थी म्हणून आम्ही तावडीत सापडलो. स्वयंपाकघरात केळ्याच्या एसेन्सची बाटली दिसली की संपलंच! आधी गॅस बंद करायला लावतील, "पेट घेतं हे, बाईसाहेब!" मग खिडकी उघडतील, बाटली हातभर लांब धरतील आणि दुसऱ्या हाताने वारा घालत एवढासा वास स्वतःकडे बोलावतील. "थेट नाक लावायचं नाही," हे ते पाहुण्यांना नमस्काराच्या आधी सांगतात. आम्ल आणि अल्कोहोल यांचं लग्न लावलं की एस्टर जन्माला येतं आणि केळ्याचा हा वास म्हणजे तेच, हे तर त्यांनी प्रत्येक लग्नात ऐकवलंय. ही एकदा म्हणाली, "मामा, त्यापेक्षा केळंच घातलं तर?" मामांनी दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही.

आमच्या लेकीचा साखरपुडा सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या हिरवळीवर होता. वर कडुनिंबाला भलंमोठं आग्या मोहोळ. "छेडो मत, कुछ नहीं करतीं," असं माळी म्हणाला म्हणून आम्ही निर्धास्त. नागपूरहून मुलाकडची मंडळी आली होती, अंगठ्या ताटात आल्या होत्या, आणि नेमकी तेव्हाच कुल्फीवाल्या भैयाच्या एप्रनवर एसेन्सची बाटली उपडी झाली. गोड वास सुटला. मामा ताडकन उठले.

"हलू नका कुणी! मधमाशी डंख मारते ना, तेव्हा हाच वास सोडून बाकीच्यांना बोलावते!"

त्यांनी भैयाचा एप्रन ओढून काढला. कुणीतरी पिशवी पुढे केली तर ओरडले, "प्लास्टिक नको, त्याला हे खातं. स्टील आणा!" आणि विहीणबाईंनी आणलेल्या डब्यातले लाडू खुशाल ताटात ओतून त्यांनी एप्रन डब्यात कोंबला, झाकण घट्ट लावलं आणि डब्यासकट गाडी घेऊन पसार झाले. विहीणबाई घरंगळणारे लाडू सावरत राहिल्या.

वर मोहोळ सळसळलं. काही माश्या आमच्या डोक्यांवर घोंघावल्या, आम्ही श्वास धरून बसलो, आणि हळूहळू त्या परत गेल्या. हुश्श! देवा, सुटलो!

गुरुजींनी अंगठ्या पुढे केल्या, तर लेक म्हणाली, "आजोबा येईपर्यंत नाही. मतलब, नाहीच."

मामा सांगानेरकडच्या मोकळ्या माळावर एप्रन टाकून परत आले, पण फाटकातच थांबले. "माझ्या कपड्यांना वास आहे. मी आत येणार नाही. तुमचं चालू द्या."

मग काय, साखरपुडा फाटकाबाहेर, रस्त्यावर झाला. विहीणबाईंनी स्वतः मामांच्या हातावर लाडू ठेवला. "डबा धुऊन मिळेल ना?" एवढंच विचारलं, आणि त्यांना हसू आवरेना.

लेक आता सासरी असते. मामांच्या गाडीला मात्र अजून केळ्याचा वास येतो. मी शेजारी बसलो की म्हणतात, "काच खाली घ्या, वाफ डोक्यात चढते." मी बोटभरच घेतो. पुरती उघडली तर तो दिवस निघून जाईल, अशी मला उगाच भीती वाटते.